कुठल्या बारमध्ये, ते सांगा

पत्र :

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. सहाव्या वर्षापासून ती व्हायोलिन शिकते आणि गेली दोन वर्षं इथल्या एका युथ ऑर्केस्ट्रात आहे. गेल्या महिन्यात तिथे मास्टरक्लास झाला. शिकवायला बाहेरून एक नावाजलेले गृहस्थ आले होते. हिच्या स्टँडवर (दोघींत स्वरलिपीचा एकच स्टँड असतो) एक कोरियन मुलगी बसते, तिने ब्रुख या जर्मन संगीतकाराच्या जी मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टोचा दुसरा भाग वाजवला. एकही चूक नाही. सर म्हणाले, "परफेक्ट. जरा जास्तच परफेक्ट. तुम्ही लोक मशीनसारखं वाजवता. घरी कधी कुणी गातं का?" हॉल हसला. मग माझी मुलगी उठली. दोन जागी सूर हलला, एकदा विसरली. तिला म्हणाले, "हिच्यात ऊब आहे. भारतातले रंग, मसाले, सगळं ऐकू येतं." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. येताना गाडीत मी म्हणाले, "त्या चायनीज मुली मेहनत खूप करतात, पण वाजवण्यात जीव नसतो हे खरंय." मुलगी घरी येईपर्यंत बोलली नाही आणि घरी आल्यावर म्हणाली, तू रेसिस्ट आहेस. आता तिला ऑर्केस्ट्राच्या ऑफिसला तक्रारीचं पत्र लिहायचंय. हे म्हणतात, आपण कशाला मध्ये पडायचं, तसंही पुढच्या सगळ्या खुर्च्या त्या चायनीज पोरांनीच अडवल्यात. मला वाटतं, ती टीका संगीतावरची होती. शिवाय कॉलेजच्या वेळी शिफारसपत्रं लागतील. लिहू द्यावं का तिला?

– एक आई, न्यू जर्सी

*

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की ती मुलगी पत्राच्या सुरुवातीला कोरियन आहे, गाडीत बसेपर्यंत ती चायनीज होते आणि यजमानांच्या तोंडी जाईपर्यंत 'त्या चायनीज पोरांत' विरघळून जाते. दोन वर्षं तुमच्या लेकीच्या शेजारी बसलेली ही मुलगी. एका स्टँडवर दोघी बसल्या की आतल्या बाजूची पान उलटते आणि बाहेरची वाजवत राहते. म्हणजे दोघींपैकी एकजण आपलं वाजवणं थांबवून दुसरीसाठी पान उलटत आली आहे, दोन वर्षं. तिचं नाव तुमच्या पत्रात नाही. छापायचं नसतंच, पण तुम्हाला ते माहीत असल्याची खूणही कुठे दिसली नाही. हे आधीच बोलून घेतलं, म्हणजे पुढे मला टोमणे मारावे लागणार नाहीत. (एखाददुसरा मारीन.)

आता तुमचा मुद्दा, की ती टीका संगीतावरची होती. मी चाळीस वर्षं पुण्यात मुलांना व्हायोलिन शिकवलं आणि माझी स्वतःपुरती एक सोपी कसोटी आहे : कुठल्या बारमध्ये, ते सांगा. (बार म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधली जागा. माझ्या यजमानांचा यावरचा विनोद १९८१ पासून एकच आहे, तो इथे देत नाही.) शिक्षक जेव्हा म्हणतो, "या लांब स्वरावर तुझा गज सुरुवातीलाच निम्मा संपतो, मग शेवटी आवाज चिमटतो" किंवा "व्हिब्रॅटो, म्हणजे सुराची थरथर, सगळीकडे एकाच वेगाचा आहे, इथे तो उशिरा सुरू कर", तेव्हा ती टीका असते. मुलगी घरी जाऊन त्यावर काम करू शकते. "तुम्ही लोक मशीनसारखं वाजवता" यावर ती काय काम करणार? 'तुम्ही लोक' मधून बाहेर कसं पडायचं, त्याचा एटूड (सरावासाठी लिहिलेली रचना) कुणी लिहिलेला नाही.

ती मुलगी खरंच कोरडं वाजवत असेलही. मी ऐकलेलं नाही. पंधराव्या वर्षी ब्रुखचा तो संथ भाग कोरडा होणं ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट आहे. तिथे झाकायला जलद बोटं नाहीत, नुसती लांब ओळ. आपल्याकडेही म्हणतात ना, "तयारी आहे, गाणं नाही." कठोर असलं तरी ते त्या एका गायकाला उद्देशून असतं. त्याच्या जातीला, गावाला, नाकाडोळ्यांना धरून म्हटलं की त्याचा संगीताशी संबंध संपतो. सरांनी कोरडेपणाबद्दल एक बार नंबर दिला असता तरी मी आज तुमच्या बाजूने लिहिलं असतं.

हे सर काही नवीन बोललेले नाहीत. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड स्कूलच्या एका ऑनलाइन व्हायोलिन परिसंवादात नामवंत व्हायोलिनवादक पिंकस झुकरमन शिकवत होते. आमच्या पिढीने ज्यांच्या रेकॉर्डी झिजवल्या त्यांतले हे एक. आशियाई वंशाच्या दोन बहिणी वाजवत होत्या. झुकरमननी त्यांना सांगितलं की तुमचं वाजवणं फारच अचूक आहे, त्यात जरा व्हिनेगर घाला, सोया सॉस घाला. पुढे म्हणाले, कोरियात लोक गात नाहीत. एक बहीण म्हणाली, आम्ही कोरियन नाही, आमचं मूळ अर्धं जपानी आहे. तर म्हणे, जपानातही गात नाहीत. ज्या देशाने जगाला कॅराओके दिलं, तिथे गात नाहीत! आणि कोरियात पान्सोरी नावाचा प्रकार आहे, एक गाणारा आणि एक ढोलवाला, कथा तासन् तास गायची, घसा फुटेपर्यंत. बोभाटा झाल्यावर झुकरमननी माफी मागितली आणि ज्युलियार्डने त्या सत्राचं चित्रीकरण पुढे दाखवलं नाही.

मला या प्रकरणात एका जुन्या गोष्टीने जास्त छळलं. १९६७ साली लेव्हेंट्रिट स्पर्धेत परीक्षकांना दोघांतून एक निवडता आला नाही, म्हणून पहिलं बक्षीस विभागून दिलं. त्यातला एक झुकरमन. दुसरी क्युंग-व्हा चुंग, कोरियातल्या सोलची, तेव्हा एकोणीस वर्षांची. दोघं एकाच गुरूचे, इव्हान गलामियन यांचे शिष्य, त्याच ज्युलियार्डमधले. म्हणजे कोरियन माणूस व्हायोलिनवर कसं गातो, हे झुकरमनना दुसऱ्या कुणापेक्षाही जवळून माहीत होतं. तरी चोपन्न वर्षांनी तोंडातून तेच आलं. ऐकलेलं एक असतं आणि डोक्यात बसलेलं दुसरंच. त्या दोघांची गाठ पडेलच असं नाही.

याच चुंगबाईंनी १९७२ मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिकबरोबर, रुडोल्फ केम्पेंच्या हाताखाली, ब्रुखचा हाच जी मायनर कॉन्चेर्टो आणि त्याचीच स्कॉटिश फँटसी रेकॉर्ड केली. आज रात्री जेवण झाल्यावर दिवे मंद करून दुसरा भाग लावा आणि यजमानांना कुणाचं आहे ते सांगू नका. मग विचारा, जीव आहे का.

ब्रुखबद्दलही एक सांगते, कारण त्याच्यासारखा साक्षीदार मिळणार नाही. हा कोलोनचा प्रॉटेस्टंट जर्मन. स्कॉटलंडच्या लोकधुनांवर फँटसी लिहिली ती बर्लिनमध्ये बसून. सगळ्यात भिडणारी चेलोवरची रचना लिहिली ती योम किप्पुर या ज्यूंच्या पवित्र दिवसाच्या प्रार्थनेवर, आणि ती इतकी आतली वाटली की पुढे नाझींनी त्यालाच ज्यू समजून त्याचं संगीत बंद पाडलं. दुसऱ्याच्या सुरात जीव ओतण्याचा परवाना त्याला कुणी मागितला नाही. त्याचं वाजवणाऱ्या मुलीला मात्र विचारतात, घरी कुणी गातं का.

आपल्यालाही हे कळत नाही असं नाही. भीमसेन जोशी गदगचे, घरची भाषा कन्नड. त्यांनी तुकोबांचा अभंग उचलला की आपल्या आजोबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि कुणी म्हटलं नाही की उच्चार चोख आहे पण कानडी माणसाला पंढरीचं काय कळणार. १९५५ मध्ये वॉर्सॉला, शोपँ या पोलिश संगीतकाराच्या नावाच्या पियानो स्पर्धेत माझुर्का सगळ्यात चांगला वाजवल्याचं खास बक्षीस शांघायच्या फू त्सोंगला मिळालं. माझुर्का म्हणजे पोलंडच्या मातीतलं नृत्य. त्यातला तो लंगडता ठेका बाहेरच्याला जमत नाही असं पोलिश लोक स्वतः म्हणतात, आणि बक्षीस दिलं पोलिश रेडिओने. झुबिन मेहता मुंबईचे पारशी, १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख. ते ब्राह्म्स या जर्मन संगीतकाराचं संगीत करतात तेव्हा आपली छाती फुगते. तिथे आपण विचारतो का, की पारशाला ब्राह्म्स आतून कळतो की नुसता पाठ आहे?

तुम्ही म्हणाल, पण ऐकताना खरंच तसं वाटतं हो. वाटत असेल. कान एकटे ऐकत नाहीत. इंग्लंडमध्ये जॉयस हॅटो नावाच्या एक पियानोवादक होत्या. आजारपणामुळे मैफली सोडल्याचं सांगितलं जायचं, आणि उतारवयात त्यांच्या नावावर शंभराच्या वर सीडी निघाल्या. समीक्षक लोटांगण घालत होते : काय ती खोली, काय ते सोसलेपण. २००६ मध्ये बाई गेल्या. २००७ च्या फेब्रुवारीत कुणीतरी त्यातली, लिस्ट या संगीतकाराच्या रचनांची एक सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, तर पडद्यावर दुसऱ्याच पियानोवादकाचं नाव आलं, लास्लो सिमोन. मग एकेक बाहेर पडलं. नवऱ्याने दुसऱ्यांची रेकॉर्डिंग उचलून बायकोच्या नावावर खपवली होती. बरेचसे मूळ वादक युरोपियनच होते, पण शोपँचे एटूड होते ते युकी मात्सुझावा या जपानी बाईंचे. बोटं तीच, पियानो तोच. मुखपृष्ठावर आजारी इंग्रज आजी आली आणि कौतुक करणाऱ्यांना खोली सापडली. तुमच्या सरांना पडद्यामागून ऐकवलं असतं तर 'मशीन' कुणाला म्हणाले असते, मला उगाच कुतूहल आहे.

पडद्यावरून यजमानांच्या खुर्च्यांकडे येते. ऑर्केस्ट्रातली खुर्ची ऑडिशन देऊन मिळते, एसटीत रुमाल टाकून नव्हे. 'अडवल्यात' हा शब्द तुमचा असो की त्यांचा, परत घ्या. अमेरिकेत १९५२ पासून बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राने आणि पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकात बाकीच्यांनी पडद्याआड ऑडिशन घ्यायला सुरुवात केली. टाचांचा आवाज येऊन बाई की पुरुष ते कळू नये म्हणून खाली गालिचा अंथरतात. त्या पडद्याचा फायदा बायकांना झाला, असं बहुतेकजण मानतात. आशियाई वादकांचं प्रमाण १९८० मध्ये साडेतीन टक्क्यांच्या आत होतं, ते २०१४ मध्ये नऊ टक्क्यांच्या आसपास आलं, त्यात आपणही मोजलेले आहोत. शंभरात नऊ. त्यातही बहुतेक व्हायोलिन-चेलोच्या रांगांत. कंडक्टर कोण, सोलो कुणाला, संचालक मंडळावर कोण, या जागा पडद्याआड भरत नाहीत आणि तिथे हे चेहरे अजून विरळ आहेत. जपानी कंडक्टर सेइजी ओझावा एकोणतीस वर्षं बोस्टनला राहिले, पण त्यांच्यासारखी नावं मोजायला बोटं पुरतात. तुमच्याच राज्यात २०१६ मध्ये न्यू जर्सी सिंफनीची सूत्रं शियान झांग यांच्याकडे आली. चीनमध्ये जन्मलेल्या. लेकीला नेलंत का कधी?

आणि यजमानांना एक आठवण करून द्या. २०१९ च्या स्पेलिंग बीमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या स्पेलिंगच्या स्पर्धेत, आठजण विभागून जिंकले, त्यांतले सात आपले. तेव्हा "घोकंपट्टी आहे सगळी, या मुलांना बालपण नसतं, आईबाप मागे लागतात" असं जे कुणी म्हणालं असेल, त्यावर तुमच्या घरी काय चर्चा झाली होती?

'मशीन' हा शब्द मुळात आला कुठून, ते मला गमतीचं वाटतं. जपानच्या शिनिची सुझुकींनी बर्लिनमध्ये आठ वर्षं काढली, व्हायोलिन शिकले, जर्मन बायको केली आणि परत गेल्यावर मुलांना मातृभाषेसारखं संगीत शिकवायचं ठरवलं. आधी ऐकायचं, मग बोलायचं, वाचायला नंतर. १९५८ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या ओबर्लिनला एक छोटी फिल्म दाखवली गेली : शेकडो जपानी चिमुरडी एका सुरात बाखचा डबल कॉन्चेर्टो वाजवताहेत. बघणारे अवाक् झाले. १९६४ मध्ये सुझुकींची काही मुलं दौऱ्यावर आली. काहींनी पद्धत उचलली आणि काहींनी ते एकसारखे हलणारे शेकडो गज तेवढे लक्षात ठेवले. शेकडो अमेरिकन मुलं एकत्र वाजवतात तेव्हा त्याला युथ ऑर्केस्ट्रा म्हणतात. तुमची लेक सहाव्या वर्षी जे वाजवायला शिकली ते बहुधा सुझुकींच्या पहिल्या पुस्तकातलं ट्विंकलच असणार. तो व्हिडिओ तुम्ही नाशिकला की कोल्हापूरला आजीला पाठवला असेल. मशीनची पहिली कळ तिथलीच आहे, ताई.

याची किंमत नुसत्या वाईट वाटण्यात मोजू नका. जानेवारी २०२० मध्ये रोमच्या सांता चेचिलिया या जुन्या संगीत विद्यालयाने चिनी, कोरियन, जपानी अशा सगळ्या 'पौर्वात्य' विद्यार्थ्यांचे वर्ग थांबवले आणि वैद्यकीय तपासणी करून या म्हणून सांगितलं. का, तर वूहानमध्ये साथ होती. कित्येकजण कित्येक महिने इटलीच्या बाहेर गेलेले नव्हते. आपण मान हलवू नये. त्याच वर्षी आपल्या शहरांत मणिपूर-मिझोरमच्या मुलांना 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या, आणि मिझोरम जिथे आहे त्याच देशात माझं पुणंही आहे.

आता तुम्हाला बरं वाटलं त्या भागाकडे येते. ऊब, रंग, मसाले. त्या मुलीच्या वाजवण्यात सोया सॉस घालणाऱ्याने तुमच्या मुलीच्या वाजवण्यात गरम मसाला घातला, एवढंच. तुमची लेक दोन जागी बेसूर झाली आणि एकदा विसरली. त्या दोन जागा कुठल्या, बोट कशाने घसरलं, विसरल्यावर पुन्हा कुठून उचलावं, यातलं सरांनी तिला काही शिकवलं का? तुम्ही पैसे भरले होते ना? मैत्रिणीची मेहनत त्यांनी तिच्या वंशाच्या खात्यावर टाकली, आणि तुमच्या लेकीचं आळसावणं तिच्या देशाच्या खात्यावर. दोघीही काही न शिकता घरी गेल्या. लेक गाडीत गप्प होती ती नुसत्या मैत्रिणीसाठी नव्हे, असा माझा अंदाज आहे. पंधराव्या वर्षी आपण कसं वाजवलं ते आपल्याला नेमकं माहीत असतं.

ही चूक मीही केलेली आहे. मुंबईत धोबीतलावाजवळ एका गोवेकर सरांकडे मी शिकायला जायचे. दिवसभर सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवून संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. एकदा त्यांनी माझ्यासमोर नवीन आलेला कागद नुसता बघून वाजवून दाखवला, आणि मी भारावून म्हणाले, "सर, तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे संगीत." मला वाटलं, खूश होतील. त्यांनी व्हायोलिन खाली ठेवलं. मान उजवीकडे वळवली आणि डाव्या जबड्याखालचा डाग दाखवला. काळा, जाड, रुपयाएवढा. "हे रक्तातून आलं नाय," म्हणाले. "सातव्या वर्षी गावच्या चर्चच्या शाळेत मेस्तने, म्हणजे मास्तरने, उभा केला. आधी वर्षभर नुसता सोल्फेज, लिहिलेले सूर वाचून गायचे. चुकलं की छडी. रक्त तेव्हा आलं." मग हसले, पण मला त्या दिवशी दुसरं काही वाजवायला दिलं नाही, सव्वा तास फक्त मोकळ्या तारांवर गज ओढायला लावला. पोर्तुगीज काळातल्या त्या गावोगावच्या शाळांमधूनच निम्मं हिंदी सिनेमासंगीत वाजवणारे हात आले. आणि आम्ही म्हणायचो, गोवेकर म्हणजे मस्तमौला, आपोआप येतं त्यांना. 'यांच्यात नाहीच' आणि 'यांच्यात असतंच' ही दोन्ही वाक्यं तो डाग न बघताच बोलता येतात. तुमच्या लेकीच्या जबड्याखाली बघा, बहुधा सुरुवात झाली असेल. शेजारणीच्या तर नक्कीच.

मग पत्र लिहू द्यायचं का? द्यायचं, पण आत्ता लगेच नाही, आणि तिच्या मनात आहे तसंही नाही.

अपमान जिचा झाला तिला कुणी विचारलंय का? लेकीने आधी तिच्याशी बोलावं, स्टँडपाशी सगळ्यांसमोर नव्हे, आणि "मी तुझ्यासाठी लिहिणार आहे" अशी घोषणा करत तर नाहीच. "त्या दिवशी ते जे म्हणाले ते मला चुकीचं वाटलं. तुला काय करावंसं वाटतं?" इतकंच. कदाचित ती म्हणेल, जाऊ दे. या मुलींनी असं पन्नासदा ऐकलेलं असतं आणि एक्कावन्नाव्या वेळी तक्रारवाली म्हणून ओळख नको असते. तसं असेल तर तिचं नाव, तिचं वाद्य, ती वाजवत होती तो भाग, काहीही पत्रात येता कामा नये. तरी तुमची लेक स्वतःपुरतं लिहू शकते, कारण मसाल्याची वाटी तिच्याही ताटात पडली होती.

आणि पत्र छोटं. 'रेसिस्ट' हा शब्द पहिल्या ओळीत नको. तो वाचला की ऑफिसातला माणूस आपल्याच बचावाला बसतो आणि पुढचं वाचत नाही. तारीख, जागा, सर जे शब्द बोलले ते जसेच्या तसे, आणि हॉल हसला हेही. मग असं काहीतरी : "मला दोन जागी सूर सापडला नाही, त्याबद्दल मला काही सांगितलं गेलं नाही. माझ्या देशाबद्दल सांगितलं गेलं. पुढच्या मास्टरक्लासला येणाऱ्या शिक्षकांना तुम्ही आधी कळवाल का, की आम्हाला आमच्या वाजवण्याबद्दल ऐकायचं आहे?" इंग्रजीत ती माझ्यापेक्षा बरं लिहील. त्या सरांना पुन्हा बोलवू नका, अशी मागणी करायची की नाही हे मी तिच्यावर सोडीन. मी केली नसती, पण मी पंधरा वर्षांची नाही.

शिफारसपत्राची भीती मी हसण्यावारी नेत नाही. हे जग लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. पण शिफारस लिहिणार ती तिची दर आठवड्याची शिक्षिका, पाहुणे सर नव्हेत. तेव्हा पत्राचा कच्चा मसुदा आधी त्या बाईंना दाखवा. "पाठवू नको" म्हणाल्या तर का म्हणाल्या ते नीट ऐका, तुमच्या लेकीलाही ऐकू द्या, आणि मग निर्णय तिचा. तिने पाठवायचं ठरवलं तर खाली पालक म्हणून तुमची सही असू द्या. तिला एकटीला पुढे करून आपण गाडीत बसून राहायचं, असं नको.

गाडीतलं वाक्य राहिलंच. तिची माफी मागा. "तसं म्हणायचं नव्हतं मला" अशी नको, ते तुम्हाला तसंच म्हणायचं होतं. "मी बोलले ते चूक होतं, आणि मला तुझं कौतुक ऐकून बरं वाटत होतं म्हणून बोलले" एवढं म्हणा. ती लगेच विरघळणार नाही, दार लावून घेईल, दोन दिवस नीट जेवणार नाही. तिच्या फोनवर 'टूसेट व्हायोलिन'चे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या तैवानी वंशाच्या दोन व्हायोलिनवाल्या मुलांचे, व्हिडिओ असतील, दिवसाला चाळीस तास रियाज करणाऱ्या काल्पनिक वादकावरचे विनोद. ते बघून ती हसताना दिसली तर "मग हे कसं चालतं?" असं विचारू नका. स्वतःच्या आईच्या हट्टावर आपण हसणं आणि परक्याने आपल्या आईवर हसणं यात फरक असतो, हे तुम्हालाही कळतं. तुमच्या सासूबाईंबद्दल तुम्ही जे बोलता ते शेजारीण बोलली तर चालतं का?

मार्च-एप्रिलमध्ये ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम असेलच. मध्यंतरात त्या मुलीची आई कॉफीच्या रांगेत दिसेल. तीही नऊ-दहा वर्षं गाडीतच बसलेली असणार. क्लासच्या बाहेर, इंजिन बंद करून, मांडीवर डबा घेऊन. जाऊन बोला. मास्टरक्लासचा विषय काढू नका, तिने काढला तर ऐका. मुलीचं नाव आधी लेकीकडून नीट शिकून घ्या. कोरियन नावात काही स्वर आपल्याकडे नसलेले असतात, दोन-चारदा म्हणून बघावे लागतात. पत्राचं पुढे काय झालं ते मला नाही कळवलंत तरी चालेल. ते नाव तुम्हाला म्हणता आलं का, एवढं मात्र कळवा.